दोनच गोलरक्षक: एका कॉलेजच्या महिला आइस हॉकी संघाचा हंगाम

पार्श्वभूमी

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारे ढग जिथे हिवाळाभर बर्फ ओतत असतात त्या पट्ट्यात, आमचं छोटं कॉलेज आहे. मी तिथे संख्याशास्त्र शिकवते. त्याशिवाय माझ्याकडे आणखी एक काम आहे. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या प्रत्येक सदस्य कॉलेजला एक प्राध्यापक-प्रतिनिधी नेमावा लागतो. खेळाडूंचा अभ्यास, त्यांची पात्रता आणि त्यांचं हित यांवर शिक्षकांच्या बाजूने नजर ठेवणं हे त्याचं काम. आमच्याकडे ते काम मी करते. पुढची हकिकत त्या नात्याने जवळून पाहिलेली आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

आमचा महिला आइस हॉकी संघ एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. इथली मुलगी इतर विद्यार्थ्यांसारखीच फी भरते, पहाटे सहाला सरावाला उतरते आणि नऊच्या तासाला ओल्या केसांनी वर्गात येऊन बसते. ऑक्टोबरच्या मध्यापासून सराव, नोव्हेंबरपासून सामने, डिसेंबरात सुट्टी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत साखळी आणि त्यानंतर बाद फेरी. साधारण 25 सामन्यांचा हंगाम, त्यातले बहुतेक शुक्रवार-शनिवार असे लागोपाठ. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली 1998 मध्ये, नागानोला. एनसीएएची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा 2001 ची, आणि तिसऱ्या श्रेणीची 2002 ची. ती आमच्याच राज्यातल्या एल्मायरा कॉलेजने जिंकली होती. म्हणजे ज्या मुलींबद्दल मी लिहिते आहे, त्यांच्या आयांना ही वाट जवळजवळ नव्हतीच. म्हणूनच या मुली खेळाला घट्ट धरून असतात, आणि या प्रकरणात त्या घट्ट धरण्याचाही वाटा आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाच्या सहा जणी: तीन आक्रमक, दोन बचावपटू, एक गोलरक्षक. बाकीच्या पाच जणी दर पाऊण मिनिटाला बदलतात, कारण त्या वेगाने त्याहून जास्त वेळ स्केटिंग करवत नाही. गोलरक्षक मात्र वीस-वीस मिनिटांचे तिन्ही भाग एकटी उभी असते. अंगावर पंधरा किलोंच्या वर सामान, आणि समोरून येणारी दीडशे ग्रॅमहून जड, घट्ट रबराची चकती. ही चकती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. आक्रमक दुखावली तर बाकावर आणखी आठ-नऊ आक्रमक असतात. गोलरक्षकाच्या मागे एकच, फार तर दोघी.

त्या वर्षी आमच्याकडे दोनच गोलरक्षक होत्या. एक चौथ्या वर्षाची, दुसरी नुकतीच शाळा संपवून आलेली. पुढे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते.

ऑगस्टमधला निर्णय

तिसरी गोलरक्षक त्या वर्षी परदेशी शिकायला गेली. ऑगस्टमध्ये प्रशिक्षिकेने विचारलं होतं की नव्या विद्यार्थिनींमधून कोणाला घ्यायचं का. बैठकीत मीही होते. विरोधातली कारणं खोटी नव्हती. तिसऱ्या गोलरक्षकाला सामना जवळजवळ मिळत नाही, अशा मुली वर्षभरात कंटाळून सोडतात. तिच्या सामानाचा खर्च बाकीच्या खेळाडूंपेक्षा बराच जास्त. पहाटेच्या एका तासाच्या सरावात दोन्ही जाळ्यांसमोर दोघी असल्या की भागतं, तिसरी नुसती कडेला उभी राहते. दहा मिनिटांत ठरलं: दोघींवर भागवू.

शक्यतेचा अभ्यास शिकवणारी मी त्या खोलीत होते. दोघींपैकी एक हंगामात कधीतरी आजारी पडेल किंवा दुखावेल, हे सांगायला कागदावर काही मांडायचीही गरज नव्हती. मी बोलले नाही, कारण प्रश्न खर्चाचा म्हणून समोर आला होता आणि मीही तो खर्चाचाच समजून बसले.

टक्कर

नोव्हेंबर वाईट गेला. डिसेंबरच्या सुट्टीनंतर मात्र संघ जुळला आणि जानेवारीत ओळीने सामने जिंकू लागला. त्याचं मुख्य कारण थोरली. शंभर फटक्यांपैकी ब्याण्णव अडवणारी गोलरक्षक या पातळीवर चांगली मानतात, आणि थोरली त्या महिन्यात त्याहून वरच होती. प्रशिक्षिकेने लीगचे सगळे सामने तिलाच दिले. धाकटीला साखळीबाहेरचे तेवढे तीन मिळाले.

जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, बाहेरगावच्या सामन्यात, तिसऱ्या भागात प्रतिस्पर्धी संघाची एक मुलगी वेगाने जाळ्याकडे येताना घसरली आणि थोरलीवर आदळली. थोरलीचं डोकं मागे गोलच्या खांबावर आपटलं. कॉलेजमधल्या महिलांच्या खेळात अंगावर जाऊन धडक देणं नियमबाह्य आहे, त्यामुळे हा खेळ डोक्याला सुरक्षित असेल असं वाटतं. तसं नाही. 2009-10 ते 2013-14 या काळातल्या एनसीएएच्या नोंदींमध्ये कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याच्या प्रमाणात कुस्ती आणि पुरुष आइस हॉकी यांच्यानंतर महिला आइस हॉकीच होती. अमेरिकन फुटबॉलचा क्रमांक तिच्या खाली.

पंचांनी खेळ थांबवला. बाहेरगावी आमचा अ‍ॅथलेटिक ट्रेनर सोबत नव्हता. हे पद व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाचं नव्हे. खेळातल्या दुखापती ओळखणारा आणि हाताळणारा तो परवानाधारक आरोग्यकर्मी असतो. छोट्या कॉलेजांत अनेकदा यजमानांचाच ट्रेनर दोन्ही संघांना पाहतो. यजमानांची ट्रेनर बर्फावर आली आणि विचारलं, "ठीक आहेस ना?" थोरली म्हणाली, "ठीक आहे." आमच्या पोरीला ओळखत नसलेल्या, तिचं रोजचं बोलणं-चालणं न पाहिलेल्या माणसाला त्या उत्तरापलीकडे फारसं काही दिसणं अवघडच होतं. खेळ सुरू झाला. आम्ही जिंकलो.

शनिवारी थोरली पुन्हा खेळली आणि 19 फटक्यांत चार गोल खाल्ले. त्यातले दोन तिच्या ग्लव्हच्या बाजूचे, एरवी ती डोळे मिटून पकडेल असे.

ते सहा दिवस

रविवार ते बुधवार तिचं डोकं दुखत होतं. हे नंतर कळलं. खोलीतला दिवा ती लावत नव्हती. सराव केला, पण मास्क काढला नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खेळाडू लिहून देते की दुखापतीची आणि कन्कशनच्या लक्षणांची माहिती मी स्वतः देईन. तसं तिनेही लिहून दिलं होतं. पण तिच्यासमोरचा हिशेब साधा होता: मी बसले तर पुढच्या सहा लीग सामन्यांत पहिल्या वर्षाची मुलगी एकटी, तिच्या मागे कोणीच नाही. दोनच गोलरक्षक ठेवून आम्ही तिच्या गप्प राहण्याला कर्तव्याचं रूप देऊन ठेवलं होतं.

बुधवारी ती माझ्या वर्गात होती. दहा गुणांची छोटी चाचणी होती. तिने पडद्याजवळची जागा सोडून खिडकीपासून लांब बसायला परवानगी मागितली. तिच्या उत्तरपत्रिकेत एकच वाक्य दोनदा लिहिलेलं होतं आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे. तास संपल्यावर मी तिला म्हटलं, "बसचा प्रवास झालाय, थकली असशील. सोमवारी पुन्हा दे." ती आभार मानून गेली.

या प्रकरणातला हा माझा निर्णय, आणि तो चुकला. शनिवारचे चार गोल मला माहीत होते. पण वर्षानुवर्षं मी मुलांना शिकवत आले की एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, आकडे वरखाली होतच असतात. ते खरंच आहे. मात्र चार गोल, उजेड नको वाटणं आणि दोनदा लिहिलेलं वाक्य या तीन गोष्टी एकाच मुलीच्या एकाच आठवड्यातल्या होत्या, आणि मी त्या एकत्र ठेवल्याच नाहीत. मुदत वाढवून देणं मला मायेचं वाटलं. तिथे एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही.

मलाही हे गप्प राहणं ठाऊक आहे. मिरजेच्या शाळेत खो-खो खेळताना पाय मुरगळला होता, तेव्हा बाईंना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर जिल्हास्पर्धेत बसवलं असतं. पट्टी बांधून, वर सॉक्स चढवून खेळले. घोट्याचं काय, तो सुजतो आणि उतरतो. मेंदूचं तसं नसतं. पहिला हादरा निवलेला नसताना दुसरा बसला तर परिणाम गंभीर होऊ शकतात, आणि लक्षणं असताना खेळत राहिलं तर बरं व्हायला जास्त दिवस लागतात.

कप्तानाची भेट आणि समोरचे पर्याय

गुरुवारी सकाळी आठला संघाची कप्तान माझ्या खोलीत आली. ती बचावपटू, थोरलीची खोलीमैत्रीण. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, "प्रोफेसर, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. या वीकेंडपुरतं. सोमवारी मी तिला स्वतः घेऊन जाते." ती प्रशिक्षिकेकडे का गेली नाही, असं विचारल्यावर तिने सांगितलं: "त्यांना सांगणं म्हणजे तिची जागा काढून घेणं. तुम्ही संघ निवडत नाही, म्हणून आले."

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. गुपित ठेवायचं, ही वाट मी धरणार नव्हते, पण ती नाकारली की ही मुलगी पुन्हा कोणाकडे जाणार नाही हेही दिसत होतं. दुसरी, थोरलीला बोलावून तिनेच सांगावं म्हणून समजावणं. ही मला सर्वात योग्य वाटत होती, कारण त्यात तिचा मान राहत होता. पण त्यात दिवस गेला असता, आणि त्या दिवशी सराव पहाटे नसून दुपारी चारला होता. तिसरी, थेट ट्रेनरकडे जाणं. एनसीएएच्या नियमांनुसार खेळाडूला बसवायचं की खेळवायचं हा वैद्यकीय निर्णय डॉक्टर आणि ट्रेनरचा असतो. प्रशिक्षक किंवा क्रीडा संचालक तो फिरवू शकत नाहीत. त्या दाराशी गेलं की पुढचं कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

मी कप्तानाला म्हटलं, मी ट्रेनरकडे जाते आहे, तू सोबत आलीस तर बरं, नाही आलीस तरी तुझं नाव निघणार नाही. ती दोन-तीन मिनिटं खिडकीशी उभी राहिली आणि मग जॅकेट उचललं. आम्ही दोघी बर्फातून रिंकपर्यंत चालत गेलो. वाटेत कोणी बोललं नाही.

दुपारपर्यंत थोरलीची तपासणी झाली. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेल्या नोंदींशी तिचं संतुलन, स्मरण आणि प्रतिसादाचा वेग ताडून पाहिला. डॉक्टरांनी कन्कशन असल्याचं सांगितलं. थोरली कप्तानाशी त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे बोलली नाही. एकाच खोलीत राहून.

जाळ्यासमोर कोण

उद्याचा, म्हणजे शुक्रवारचा सामना तोंडावर. प्रशिक्षिका, क्रीडा संचालक, ट्रेनर आणि मी असे चौघे बसलो. धाकटी खेळणार हे उघड होतं. प्रश्न होता तिच्या मागे कोण. सामना पुढे ढकलण्याची विनंती करता आली असती, पण लीगचं वेळापत्रक संपत आलं होतं आणि दुसऱ्या कॉलेजच्या रिंकवर तारीख मिळणं कठीण. एखाद्या बचावपटूला पॅड चढवून बाकावर बसवता येत होतं. कॉलेजमधल्याच कोणी पूर्वी गोलरक्षण केलं असेल तर तिला घेता येत होतं.

तिसरी वाट खरी कामाची ठरली, पण शुक्रवारपर्यंत नव्हे. जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी शाळेत चार वर्षं गोलरक्षक होती. ती हो म्हणाली. मात्र संघात येण्याआधी पूर्णवेळ विद्यार्थिनी असल्याचा दाखला, पात्रतेचे कागद, वैद्यकीय तपासणी आणि सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची नोंद एवढं लागतं. गडचिरोली-नंदुरबारमुळे सिकल सेल हा शब्द आपल्याला ओळखीचा आहे. इथे तो प्रत्येक कॉलेज-खेळाडूच्या फायलीत असतो, कारण ज्यांच्यात त्याचा गुणधर्म आहे त्यांना अतिश्रमात धोका संभवतो. या सगळ्याला पाच दिवस लागले. पात्रतेच्या कागदांवर माझी नजर असते, आणि "एक सही आधी करून टाका" असं मला सांगून पाहिलं गेलं. मी केली नाही.

मग शुक्रवारी एक बचावपटू स्वतःहून पुढे आली. सरावात अर्धा तास तिने पॅड घालून पाहिले. ती बाकावर बसली आणि धाकटी बर्फावर. दुसऱ्या गोलरक्षकाविना तो सामना खेळावा का, यावर आमच्यात एकमत नव्हतं. धाकटी दुखावली असती तर अनुभव नसलेल्या मुलीवर तसे फटके येऊ दिले असते, आणि आम्ही एका दुखापतीतून दुसरीकडे गेलो असतो. ट्रेनरने अट घातली: तशी वेळ आली तर खेळ थांबवून सामना सोडायचा. ती अट प्रशिक्षिकेने सामन्याआधी सगळ्या संघासमोर मोठ्याने सांगितली. मला वाटतं, त्या एका वाक्याने धाकटीचं ओझं निम्मं झालं असावं. आपण दुखावलो तर लपवायचं कारण तिच्यापुरतं तरी उरलं नाही.

पुढचे चार आठवडे

तो सामना 5-1 ने हरलो. दुसऱ्या दिवशी 2-2 बरोबरी. त्यानंतरच्या आठवड्यात एक जिंकला, एक हरला. जीवशास्त्राची मुलगी तोवर बाकावर आली होती आणि बचावपटू आपल्या जागी परतली होती. संघ धाकटीसमोर वेगळा खेळू लागला. आधी बचावपटू थोरलीच्या भरवशावर दुरून फटके मारू देत, आता त्या फटक्यांच्या वाटेत स्वतः पडत होत्या.

थोरलीचा पहिला आठवडा अंधाऱ्या खोलीत गेला. आधी वर्ग, मग खेळ, हा क्रम ठरलेला असतो. म्हणजे आधी अर्धा तास वाचन, मग एक तास वर्ग, मग पूर्ण दिवस. तिच्या पाच प्राध्यापकांना मी पत्रं लिहिली. चौघांनी लगेच सवलत दिली, एकाने डॉक्टरांचं पत्र पुन्हा मागितलं. टक्करीनंतर विसाव्या दिवशी तिची लक्षणं गेली. त्यानंतर सायकल, मग एकटीने स्केटिंग, मग गोलरक्षणाचे सराव, मग संघासोबतचा पूर्ण सराव. प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास, आणि लक्षण परतलं तर एक पायरी मागे.

साखळीतला शेवटचा घरचा सामना चौथ्या वर्षाच्या मुलींच्या निरोपाचा असतो. आई-वडील बर्फावर अंथरलेल्या गालिच्यावरून मुलीसोबत चालत येतात. थोरली साध्या कपड्यांत, बुटांत आली. तिच्या वडिलांनी तिचा दंड धरला होता, घसरू नये म्हणून. त्या दिवशी संघ 3-2 ने जिंकला आणि बाद फेरीतली शेवटची जागा मिळाली.

शेवटचा निर्णय

उपांत्यपूर्व सामना शनिवारी. गुरुवारी थोरलीला डॉक्टरांनी पूर्ण मोकळीक दिली. तिच्या नावावर एकच पूर्ण सराव आणि सत्तावीस दिवसांची खंडित सवय. धाकटीच्या नावावर ओळीने सहा सामने. ट्रेनरने सांगितलं की वैद्यकीय हरकत नाही, बाकी निवड प्रशिक्षिकेची. प्रशिक्षिकेने धाकटीला निवडलं आणि थोरलीला बाकावर बसवलं.

निवड मला आजही बरोबर वाटते. खेळायला हरकत नसणं आणि खेळाला तयार असणं यांत अंतर आहे, आणि परतल्या परतल्या बाद फेरीचा ताण तिच्या डोक्यावर घालण्यात अर्थ नव्हता. पण हे थोरलीला कळलं शनिवारी सकाळी, बसमध्ये, सगळ्यांसमोर यादी वाचताना. गुरुवारी संध्याकाळी दार लावून सांगता आलं असतं. चार वर्षं जाळ्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलीला तेवढा वेळ द्यायलाच हवा होता. प्रशिक्षिकेला मी हे नंतर बोलले आणि तिने ते मान्य केलं.

सामना 1-1 वरून ओव्हरटाइममध्ये गेला आणि तिथे आम्ही हरलो. धाकटीने 38 फटके अडवले. हंगाम संपला. थोरलीचा कॉलेजमधला शेवटचा सामना म्हणून नोंद राहिली ती चार गोलांच्या त्या शनिवारची, जो तिने खेळायलाच नको होता.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमध्ये तिसरी गोलरक्षक घेतली असती तर थोरली नक्की बोलली असती, असं मी म्हणणार नाही. पण गप्प राहण्याचं तिचं सर्वात मोठं कारण नाहीसं झालं असतं. गोलरक्षकाच्या डोक्याला लागलं की तिला विचारत न बसता सामन्यातून काढायचं, असा संघाचा नियम असता तर शुक्रवारीच सुटलं असतं. "ठीक आहेस ना" या प्रश्नाला खेळाडूकडे एकच उत्तर असतं. आम्ही आता आठवडा कसा गेला, झोप किती, वाचताना अक्षरं हलतात का असं विचारतो, आणि हे विचारायला प्राध्यापकांनाही सांगितलं आहे. माझ्या वर्गात तर ते सुरू झालंच.

कप्तानाबाबत मी अजून निश्चित नाही. थेट ट्रेनरकडे गेले ते योग्य होतं, पण थोरलीला वाटेत एक फोन करून "आम्ही येतोय, तूही ये" म्हणता आलं असतं. त्याला पाच मिनिटं लागली असती आणि कदाचित त्या दोघींचे दोन आठवडे वाचले असते.

पुढच्या वर्षीच्या यादीत तीन गोलरक्षक आहेत, तिसरी ती जीवशास्त्राची मुलगी. साखळीबाहेरचा किमान एक सामना तिला मिळेल असं आधीच ठरवलं आहे, म्हणजे ती नुसती कडेला उभी राहणार नाही. बाहेरगावच्या लीग सामन्यांना आमचा ट्रेनर सोबत जाईल हेही मंजूर झालं. आठवड्याच्या मधल्या, साखळीबाहेरच्या दौऱ्यांना मात्र अजून मंजुरी नाही. ती मागणी मी मार्चच्या बैठकीत पुन्हा ठेवली आहे, थोरलीच्या त्या चाचणीची झेरॉक्स सोबत जोडून, तिची परवानगी घेऊन.